भिंतीतली फट घेऊन नागपूरला

नागपूरहून परत आल्यापासून दुकानात शिवायला कापड घेऊन येणारी प्रत्येक बाई आधी माप देते आणि मग विचारते, काय झालं तिकडं? प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत बसले तर लग्नसराईचे ब्लाउज वेळेवर व्हायचे नाहीत. म्हणून एकदाच नीट लिहून काढते. ज्यांनी नागपूर पाहिलेलं नाही त्यांनाही उपयोग होईल.

कशासाठी गेलो ते आधी सांगते. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या अगदी काठावर. पुरापासून बचावासाठी सरकारने नदीकडेने भिंत बांधायला घेतली होती. वरच्या अंगाची झाली, खालच्या अंगाची झाली, मधली कुंभारगल्लीपुढची राहिली. यंदा पूरसंरक्षणाच्या कामांचा पैसाच सरकारने कमी केला आणि तो मधला तुकडा बारगळला. बाहेरच्या माणसाला वाटतं, एवढी झाली, थोडी राहिली, त्यात काय. पण भिंत नव्हती तेव्हा पाणी सगळीकडून चढायचं आणि सगळीकडून उतरायचं. आता ते त्या फटीतून आत घुसेल आणि नदी उतरली तरी भिंतीच्या आत कोंडून राहील. अर्धी भिंत ही भिंत नसण्यापेक्षा वाईट. माझ्या दुकानात काजबटणाचं काम करणारी कुसुम बरोबर त्या फटीसमोर राहते. तिचं घर विटांचं आहे, पण आठवडाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या विटांचं काय होतं ते आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे.

हिवाळ्यात विधिमंडळाचं अधिवेशन नागपूरला भरतं आणि राज्यभरातून लोक आपापली गाऱ्हाणी घेऊन तिथे मोर्चे नेतात. गावाने ठरवलं, आपणही जायचं. तयारी माझ्याकडे आली, कारण मागच्या पुरात मदतीचं वाटप मी केलं होतं आणि त्यात भांडण झालं नव्हतं. स्वेटर, बीपीच्या गोळ्या, दोन दिवस टिकतील अशा दशम्या, फलकाचं कापड, असं सगळं मी लिहून प्रत्येकाला वाटून दिलं. बोलायला म्हणून आबांना घेतलं. आबा आमचे जुने सरपंच. भाषण पक्कं, पण दोन म्हशी शेजाऱ्यावर सोपवून आलेले, त्यामुळे गाडी सुटल्यापासून परतीची तिकिटं कधीची ते विचारत होते. कुसुमला मी मुद्दाम घेतलं. फट तिच्या दारात आहे, तर दाराचं माणूस पाहिजे.

धंतोली

आम्ही उतरलो ते लॉज धंतोलीत होतं. एका ओळखीच्या कंडक्टरने नाव दिलं होतं, स्टेशनपासून जवळ आणि स्वच्छ, एवढंच सांगितलं होतं. तिथे पोचल्यावर कळलं की त्या भागात दर दोन दारांआड एक दवाखाना आहे. हाडांचा, डोळ्यांचा, मेंदूचा, लहान मुलांचा. पाट्या वाचत चाललं तर माणसाच्या शरीरात एवढे भाग असतात हे नव्याने कळतं. साऱ्या विदर्भातून लोक पेशंट घेऊन येतात आणि सोबतचे नातेवाईक आमच्यासारख्या लॉजमध्ये उतरतात. व्हरांड्यात स्टोव्ह, दोरीवर टॉवेल, खिडकीत एक्स-रेची मोठी पाकिटं.

त्यामुळे आम्हाला जो भेटेल तो एकच प्रश्न विचारायचा, तुमचा पेशंट कोणत्या दवाखान्यात? पहिल्या संध्याकाळी चार जणांनी विचारलं. आबा आधीच थंडीने वैतागले होते. नागपूर म्हणजे ऊन, असं धरून त्यांनी स्वेटर माझ्या सांगण्याविरुद्ध घरी ठेवला होता आणि आता लॉजची चादर पांघरून फिरत होते. शेजारच्या खोलीतल्या यवतमाळकडच्या बाईंनीही तेच विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "आमची भिंत आजारी हाय."

बाई जराही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग बरी होऊन जाईन जी. इथं आलेलं बरंच होते." आणि आबांना स्वतःची शाल आणून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला कोपऱ्यावरच्या गाडीवर नेऊन तर्रीपोहे खायला लावले. पोह्यांवर हरभऱ्याचा लाल रस्सा ओततात. आमच्याकडे पोहे म्हणजे पाहुण्याला कोरडे, वर खोबरं. इथे ते नाक पुसत खायचे असतात. कुसुमने दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला आणि म्हणाली, थंडी कशी घालवायची ते ह्यांना कळलंय.

पोहे झाल्यावर मी आणि आबा मोर्चाच्या परवानगीचं पक्कं करायला पोलिसांकडे गेलो. नागपूरला मोर्चा काढायचीही एक रीत आहे, ती आम्हाला ठाऊक नव्हती. कुठे जमायचं, कोणत्या चौकात थांबायचं, हे आधी ठरलेलं असतं. चौकात कठडे असतात, त्यांच्यापुढे कुणी जात नाही. तिथून पाच जणांचं शिष्टमंडळ पोलीस आत नेतात, ते निवेदन देतं, परत येऊन काय झालं ते सांगतं आणि मोर्चा संपतो. लग्नातल्या विधींसारखं सगळं क्रमाने. टेबलामागच्या हवालदारांनी सांगितलं की त्याच दिवशी, त्याच विषयावर, खाप्याजवळच्या एका गावाचाही अर्ज आहे. "एकच विषय हाये, तं एकत्रच करून घ्या ना जी," ते म्हणाले. "तुमालेही सोपं, आमालेही."

खापा कुठे आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. तेवढ्यात मागच्या बाकावर बसलेली, नऊवारी नेसलेली एक बाई उठून आली आणि म्हणाली, ते गाव आमचंच. तिचं नाव मंदाबाई. वय माझ्याएवढं, आवाज शेतातून शेतात पोचेल असा. आमचा मोर्चा परवाचा होता. मधला एक दिवस मोकळा होता. मंदाबाई म्हणाली, एकत्र मोर्चा काढायचा तर एकमेकींची नदी तरी पाहून घेऊ. उद्या आमच्याकडे जेवायला या.

आबा म्हणाले, आपण आपल्या कामाला आलोय. मी म्हटलं, मोकळ्या दिवशी लॉजमध्ये बसून काय करणार? चौघं जण निघालो. मी, कुसुम, आबा आणि आबांनी परत न केलेली शाल.

कन्हानच्या काठावर

नागपूरच्या उत्तरेला बाहेर पडलं की आधी विजेच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसायला लागतात. खापरखेड्याजवळ तर आकाशात दुसरं काही दिसतच नाही. कामगारांच्या वसाहती, त्यांच्या दोऱ्यांवरचे कपडे, कोळशाचे ट्रक. मग हळूहळू शेतं सुरू होतात. तूर फुलावर होती, कापसाची वेचणी चालू होती, आणि संत्र्यांच्या बागांमधून पेट्या भरल्या जात होत्या. आबा उसाचे आणि हळदीचे शेतकरी. त्यांनी एका बागेपाशी गाडी थांबवायला लावली आणि आत जाऊन मालकाला झाडांच्या वयापासून पाण्याच्या पाळ्यांपर्यंत सगळं विचारून आले. म्हशींची आठवण त्या अर्ध्या तासात निघाली नाही.

मंदाबाईचं गाव खाप्याच्या थोडं अलीकडे, कन्हान नदीच्या वळणावर आहे. डिसेंबरातली कन्हान पाहिली तर विश्वास बसत नाही की ही कुणाच्या घरात शिरत असेल. रुंद रेतीचं पात्र आणि मधून एक बारीक धार. रेतीत काही माणसं खड्डे घेत होती. उन्हाळ्यात डांगरं, म्हणजे खरबुजं, लावायची त्यांची तयारी चालू होती. आमच्या कृष्णेत कोणी असं मधोमध जाऊन शेती करायचं धाडस करणार नाही.

मी मंदाबाईला विचारलं, पाणी यायच्या आधी तुम्हाला किती वेळ मिळतो? आमच्याकडे धरणातून पाणी सोडतात, आकडे येतात, पाणी एकेका पायरीने चढतं. आम्हाला एक-दोन दिवस मिळतात. माणसं जनावरं हलवतात, धान्य माळ्यावर ठेवतात. मंदाबाई म्हणाली, इथे तसं नाही. पाऊस वर मध्य प्रदेशच्या डोंगरात पडतो, इथे ऊनही असतं. गेल्या साली गणपतीनंतर सकाळी बायका नदीवर धुणं धूत होत्या आणि दुपारी त्याच बायका शाळेच्या गच्चीवर होत्या. त्यांच्या गावापुढेही पूरसंरक्षक भिंत मंजूर झाली होती, पायाही खणला होता. यंदाच्या कपातीत ती यादीतूनच गेली. आमची राहिली, त्यांची तर पायाच्या वर आलीच नव्हती.

जेवायला गोळाभात होता. हरभऱ्याच्या डाळीचे तिखट गोळे भाताबरोबर शिजवलेले, वर लसणीची फोडणी आणि ताकाची कढी. आबांनी कृती विचारली, मी लिहून घेतली, कुसुम म्हणाली लिहिण्यासारखं काय आहे, दिसतंय की. जेवताना माझं लक्ष भिंतींकडे गेलं. निळ्या चुन्याच्या, खाली गेरूचा पट्टा, इतक्या स्वच्छ की बोट लावावंसं वाटू नये. मी विचारलं, पाणी कुठपर्यंत आलं होतं?

मंदाबाईने हात डोक्यावर नेला. "इथलोक असन. का इथलोक." दुसऱ्या घरात विचारलं, तिथे हात खांद्यापाशी थांबला. तिसऱ्या घरात सासू आणि सून वेगळ्या उंचीवर हात धरून एकमेकींशी वाद घालायला लागल्या.

इथे मला आमच्या गावाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे पूर उतरला की प्रत्येक घरात पाण्याची खूण राहते आणि ती खूण कोणी पुसत नाही. घर रंगवायचं तर रेघेच्या वर रंगवतात, रेघेच्या खाली रंगवतात, रेघ तशीच ठेवतात. बाजूला वर्षही लिहितात. कोणाच्या घरची रेघ पुसली गेली तर शेजारी विचारतो, काय हो, रेघ कुठे गेली? कोणी तसा नियम केला नव्हता. एका पुरानंतर पंचनामे झाले तेव्हा रेघा कामाला आल्या, तेव्हापासून पडलेली ती सवय.

मी मंदाबाईला विचारलं, तुम्ही रेघ का नाही ठेवली? तिला प्रश्नच विचित्र वाटला. "काहून ठेवाव ती रेघ? लक्ष्मी येते तं घर साफ पाहिजे का नाई? पुराची घाण भिंतीवर ठेवून लक्ष्मीपूजन कराव का आमी?"

मग सगळं कळलं. पूर आला गणपतीनंतर. गावातल्या बायकांनी दिवाळीच्या आधी रात्रंदिवस खपून एकूण एक घर धुतलं, लिंपलं, चुना दिला. आणि दिवाळी झाल्यावर पाहणीचं पथक आलं. पथकाला भिंती कोऱ्या दिसल्या. कोण किती पाणी सांगतं ते हात वेगवेगळ्या उंचीवर. पथकाने लिहून नेलं, नुकसान किरकोळ. आणि यंदा पैसा कमी पडला तेव्हा किरकोळ नुकसानीची गावं आधी कापली गेली.

"मले काय माहीत बाप्पा, साहेब भिंती पाह्यले येतीन म्हणून," मंदाबाई म्हणाली. "पाहुणे येतीन म्हणून तं साफ केल्या."

आबा इतका वेळ कढी पीत होते. ते म्हणाले, पुसायचं ते सगळं पुसलं असलं तरी काही तरी राहिलंच असणार. पाणी काय फक्त भिंतीला लागतं?

आबांचं हे म्हणणं मला पटलं आणि आम्ही घर शोधायला लागलो. कपाटं नवी होती. दरवाजांना रंग दिला होता. पेट्या धुतल्या होत्या. इतक्या कामसू बायका मी आजवर पाहिलेल्या नाहीत, आणि त्या दिवशी मला त्यांच्या कामसूपणाचा रागच आला. शेवटी कुसुम भिंतीवरचे फोटो बघत उभी राहिली. मंदाबाईच्या लग्नाचा मोठा फोटो, काचेच्या फ्रेममध्ये. चुना देताना फ्रेम काढली होती, पुसली होती, पुन्हा त्याच खिळ्यावर लावली होती. पण फ्रेमच्या आत फडकं जात नाही. फोटोच्या मधोमध, डावीकडून उजवीकडे, तपकिरी रंगाची सरळ रेघ होती. रेघेखाली फोटो फुगलेला, वर चांगला.

मी पर्समधून माप घ्यायची फीत काढली. खिळ्यापासून जमिनीपर्यंत आणि खिळ्यापासून रेघेपर्यंत माप घेतलं. शेजारच्या घरी त्यांच्या सासऱ्यांचा फोटो होता, त्याच्यावरही रेघ. त्याच्या पलीकडे देवाची तसबीर, तिच्यातही. सगळ्या मापांची वजाबाकी जुळत होती. सासू आणि सून ज्या उंचीवरून भांडत होत्या, त्यात सासू बरोबर निघाली आणि त्यावरून घरात पुन्हा वाद झाला.

मी मंदाबाईला म्हटलं, उद्या फलक कमी आणा. फोटो आणा. आणि आज जाताना प्रत्येक खिळ्याची उंची मी मागच्या पुठ्ठ्यावर लिहून देते.

परतीच्या गाडीत, नागपुरातली सीताबर्डी आल्यावर आबा म्हणाले, शालन, हे सगळं ठीक आहे. पण सरकारकडे पैसा कमी आहे म्हणतात. ह्यांची भिंत यादीत आली तर आपली फट राहील, ह्याचा विचार केलायस का? केला होता. कुसुमनेही केला असणार, कारण ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हटलं, आपण पैसा कमी करू नका म्हणायला आलोय. उरलेला कोणाला मिळावा म्हणून भांडायला आलो असतो तर मी आलेच नसते.

मोर्चा

मोर्चाच्या दिवशी नागपूरच्या रस्त्यांवर इतके मोर्चे असतात की आपला कोणता हे शोधावं लागतं. कोणाच्या टोप्या पांढऱ्या, कोणाचे गमछे निळे, कोणी ढोल घेऊन, कोणी सायकलींवर. आमच्यापुढे पगारवाढीसाठी आलेल्या बाया होत्या, त्यांच्या घोषणा यमकात आणि तालावर. आमच्या घोषणा मी प्रवासात लिहिल्या होत्या. त्या लांब झाल्या. "पूरसंरक्षणाच्या निधीतील कपात त्वरित रद्द करा" हे चालता चालता म्हणता येत नाही, हे चालल्यावरच कळतं. मंदाबाईच्या बायकांनी ते कापून "कपात नको, भिंत पाहिजे" एवढंच केलं आणि मग जमलं.

पण लोक थांबले ते घोषणांसाठी नाही. पंचवीस-तीस बायका छातीशी फ्रेमा धरून चालल्या होत्या. लग्नाचे फोटो, मेलेल्या माणसांचे फोटो, नातवाचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो, आणि प्रत्येकावर एक तपकिरी रेघ. रस्त्यावरचे लोक आधी समजले, कोणी गेलंय. मग रेघ दिसायची. एक रिक्षावाला उतरून जवळ आला, बराच वेळ बघत राहिला आणि परत जाऊन बसला.

ठरलेल्या चौकात कठड्यांपाशी थांबलो. पाच जणांचं शिष्टमंडळ ठरवायचं होतं. त्यांच्याकडून मंदाबाई आणि फ्रेमा धरायला आणखी दोघी. आमच्याकडून मी, आणि दुसरी जागा कुसुमची की आबांची? कुसुम म्हणाली, आबांना न्या, त्यांना बोलायला येतं. आम्ही आबांना नेलं.

आत मंत्री नव्हते, ते सभागृहात होते. खात्याचे एक अधिकारी भेटले. सभ्य गृहस्थ. चहा मागवला. मंदाबाईने टेबलावर फ्रेमा ओळीने ठेवल्या आणि मी मागच्या पुठ्ठ्यावरची मापं दाखवली. त्यांनी चष्मा काढून एकेक फोटो जवळून पाहिला. मंदाबाई म्हणाली, "हे आमचं लगन, साहेब. पाणी नवरदेवाच्या मानेलोक आलं, पहा. नवरी वाचली, तिले पाटावर उभं केलं होतं."

ते हसले. मग हसू गेलं आणि ते पुन्हा फोटो बघायला लागले. म्हणाले, फेरपाहणीचा आदेश काढतो. नुकसानीची वर्गवारी बदलली तर काम परत यादीत येईल. मंदाबाईने लगेच विचारलं, कधी? ते म्हणाले, महिन्याभरात पथक येईल. तेही त्यांनी समोर लिहिलं.

मग आमची पाळी. आबांनी सुरुवात गावाच्या स्थापनेपासून केली. नदीकाठची मंदिरं, पहिली शाळा, गावाने सहकारात काय काय केलं ते सगळं. मी दोनदा खोकले. अधिकाऱ्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मला बोलायला मिळालं तेव्हा मी फट समजावून सांगितली. आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, त्यामुळे आहे ती भिंतही वाया जाते, हे सांगितलं. ते म्हणाले, तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण ज्या गावांत बरंचसं काम झालंय, ती पुढच्या वर्षीच्या तरतुदीत घ्यायची असं धोरण ठरलंय. तुमचं पुढच्या वर्षी नक्की होईल. शासन सकारात्मक आहे. त्यांनी ते तीन वेळा म्हटलं. दारात दुसरं शिष्टमंडळ उभं होतं. आम्ही उठलो.

बाहेर येऊन कठड्यापाशी सगळ्यांना सांगायचं होतं. मंदाबाईच्या गावाचं सांगितलं, टाळ्या झाल्या. मग आमचं सांगितलं. पुढच्या वर्षी नक्की, असं मी म्हटलं, कारण साहेबांचेच शब्द होते. कुसुमने ऐकून घेतलं. तिने रागाने विचारलं नाही, काजबटणात काही चुकलं तर जसं विचारते तसंच विचारलं.

"पुढच्या वर्षीच्या भिंतीच्या आधी जुलै येतो, अक्का. ते सांगितलं का त्यांना?"

मी तेच सांगितलं नव्हतं. भिंत सांगितली, पाणी सांगितलं, धोरणाला मान डोलावली आणि बाहेर आले.

मी कठड्यापाशी जाऊन ड्यूटीवरच्या पोलीस बाईंना म्हटलं, आम्हाला परत आत जायचं आहे, एक वाक्य राहिलंय. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. त्या समजुतीने म्हणाल्या, "शिष्टमंडळ एकदाच जात असते, ताई. आता सायंकाळी रस्ता मोकळा कराव लागते आमाले." त्यांचं चूक नव्हतं. रीत तशीच होती. मी म्हटलं, मग आम्ही इथे बसतो, तुम्ही आत निरोप द्या, कुंभारगल्लीची कुसुम भेटायला थांबली आहे. त्या म्हणाल्या, निरोप देते, पण भरोसा धरू नका. आणि आम्ही बसलो. डांबर थंड होतं.

मंदाबाईच्या गावचा टेम्पो चौकाच्या पलीकडे उभा होता. त्यांचं काम झालेलं होतं, घरी कापूस वेचायचा होता, अंधाराच्या आत पोचायचं होतं. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. मंदाबाईने तिकडे तोंड करून ओरडून सांगितलं, "थांब ना गा जरा." मग माझ्या आणि कुसुमच्या मधे येऊन म्हणाली, "सरक वं," आणि बसली. मागून बाकीच्या बायका एकेक करून बसल्या, फ्रेमा मांडीवर घेऊन. कोणी त्यांना बसा म्हटलं नव्हतं. मी तिला म्हटलं, तुमचं झालंय, तुम्ही निघा. ती कुसुमला विचारायला लागली, तुमच्याकडे काजाला किती देतात, मशीनवर करता की हाताने.

आबा काही वेळ उभे होते. मग त्यांनी शाल घडी करून डांबरावर घातली आणि तिच्यावर बसले.

ऊन उतरायला लागलं. पगारवाढवाल्या बायका गेल्या, ढोलवाले गेले. पोलीस बाई दोनदा येऊन गेल्या, तिसऱ्यांदा आल्या त्या आतून आलेल्या शिपायाबरोबर. तो विचारत होता, कुसुम कोण? आपल्याला कोणी बोलावतंय हे कुसुमच्या लक्षातच आलं नाही. मंदाबाईने तिच्या पाठीवर थाप मारली तेव्हा ती उठली, पदर नीट केला आणि एकटीच आत गेली.

ती आत असताना आबांनी एकदा किती वाजले विचारलं, एवढंच. आमची गाडी त्याच संध्याकाळची होती, सामान लॉजवर बांधून तयार होतं.

कुसुम परत आली ती चालत, शिपाई मागे. तिने सांगितलं ते असं. साहेबांनी पुन्हा पुढच्या वर्षाचं सांगायला सुरुवात केली. तिने विचारलं, पुढच्या वर्षाचा पैसा कधी येतो? ते म्हणाले, एप्रिलनंतर मंजुरी, मग निविदा, दिवाळीपर्यंत काम. ती म्हणाली, आणि पाणी जुलैत येतं, तर तोवर मी कुठे राहू ते सांगा, मी तिथे जाते. ती खुर्चीत बसून राहिली. शेवटी त्यांनी आमच्या जिल्ह्यातल्या इंजिनिअरला तिच्यासमोर फोन लावला. फटीत पावसाच्या आधी तात्पुरता मातीचा बांध घालायचा, पक्की भिंत पुढच्या तरतुदीत, असं ठरलं.

"लेखी?" मी विचारलं.

"सही व्हायचीय. उद्या सकाळी येऊन हातात घ्या म्हणाले. टपालाने नको म्हटलं मी."

मी आबांकडे पाहिलं. म्हशी, गाडी, शेजारी, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना दिसत होतं. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, शाल झटकली आणि म्हणाले, "तिकिटं रद्द कर, शालन."